बोटभर फट

आमच्या तलावावर पहिल्यांदा आलेला माणूस पाण्याकडे बघायचा आणि सुंदरामावशी त्याच्या पायांकडे बघायच्या. माणूस कोण, कुठला, कशाला आलाय, ही चौकशी नंतर. आधी पाय. तलावाच्या काठाला घडीव दगडांची एक रांग आहे, तिच्या बाहेर चौफेर फरशी आहे, आणि दगड नि फरशी यांच्या मधून तलावाला पूर्ण वेढा घालणारी एक फट आहे. बोटभर रुंद. तिच्यात रबरासारखं काळं सीलंट भरलेलं असतं. पाहुण्याचा पाय त्या फटीपासून वीतभर अंतरावर आला की फाटकाजवळच्या स्टुलावरून आवाज यायचा, "थांबा! चपला झटका. खडा हाय का बघा."

एकदा जिल्ह्याहून एक मोठे अधिकारी तलाव बघायला आले. पायांत बूट. आता बूट झटकणार कसे? मावशी स्टुलावरून उठल्या, कमरेचं खुरपं काढलं आणि म्हणाल्या, "साहेब, बुटाच्या तळाला खाचा असत्यात. खाचांत खडे असत्यात. पाय वर करा." अधिकाऱ्यांनी आमच्या संस्थाचालकांकडे पाहिलं, संस्थाचालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. शेवटी अधिकाऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकून एक पाय मागं उचलला आणि मावशींनी खुरप्याच्या टोकानं बुटाच्या खाचा कोरून काढल्या. मग दुसरा पाय. एकूण तीन खडे निघाले. ते मावशींनी अधिकाऱ्यांच्या तळहातावर ठेवले. "तुमचे तुमाला," म्हणाल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

मी या कॉलेजात क्रीडाशिक्षक. गाव माझं पुसेगाव. पोहणं विहिरीत शिकलो, तेही चुलत्यानं ढकलून दिलं म्हणून. कॉलेज वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या अलीकडे, चारी बाजूंनी हळदीचे मळे. जमीन अशी काळी की उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगेत काठी टाकली तर काठी दिसेनाशी होते आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून घराची दारं अडकवते. अशा जमिनीत तलाव बांधायचं धाडस आमच्या संस्थाचालकांनी केलं. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. पुण्याला पाहुण्यांकडे गेले असताना त्यांनी कुठं तरी तलाव पाहिला आणि परत आले ते तलाव डोक्यात घेऊनच. साहेबांचा आवडता शब्द 'फिनिशिंग'. भिंत असो, भाषण असो की लग्नातली जिलेबी असो, त्याला फिनिशिंग पाहिजे.

तलाव झाला. सकाळी सहा ते सात मुलींची तुकडी करायची असं ठरलं. पण एकही आई आपली मुलगी पाठवायला तयार होईना, कारण काठावर फक्त मी. मी सभ्य माणूस आहे, पण ते काही माझ्या कपाळावर लिहिलेलं नाही. मग कुणी तरी कुरुंद्याच्या सुंदराबाईचं नाव सुचवलं. बाई झाडलोट करील, आणि बाई बसलेली असली म्हणजे पोरींच्या आयांना घोर नाही. पहिल्याच दिवशी मावशींनी तलावाला एक फेरी मारली, पाण्याकडे बघून हात जोडले आणि मला सांगितलं, "सर, मला काई पोहता येत न्हाई. पान्याचं तुमी बघा, काठाचं म्या बघते." ही वाटणी त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

बाई ठेंगण्या, हातांत हिरव्या बांगड्या, लुगड्याचा कासोटा घट्ट. साऱ्या कुरुंद्यात त्यांची दोन कामांसाठी ख्याती होती. एक खुरपणी. हळदीच्या ओळीतून त्या गेल्या की मागं गवताची काडी राहायची नाही. दुसरं लिंपण. लग्नघरची भिंत लिंपायची असली की सुंदराबाईला बोलावणं. शेण, पांढरी माती आणि भुसा असा काही मळायच्या की सुकल्यावर भिंतीवरून हात फिरवावासा वाटे. या दुसऱ्या ख्यातीनं पुढं घात केला.

झालं असं. ठेकेदारानं दगड आणि फरशी यांच्यात फट सोडली होती आणि "तिच्यात रबर नंतर भरू" असं सांगून तो निघून गेला होता. ठेकेदाराचं नंतर म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. फटीत हरळी उगवली, मुंग्या झाल्या. तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर झाडून, धुऊन, लिंपून घेतात. घरात एकही भेग ठेवायची नाही. साहेबांनी फर्मान काढलं की कॉलेजची साफसफाई झाली पाहिजे. मावशींनी तलाव बघितला. एवढं चकचकीत तळं आणि भोवती ही उघडी भेग! त्यांना ते बघवेना. त्यांनी घरून शेण आणलं, पांढरी माती आणली, भांडारातलं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट त्यात मिसळलं आणि दोन दिवस उकिडवं बसून सबंध तलावाभोवतीची फट लिंपून काढली. वरून हात असा फिरवला की दगड कुठं संपतो आणि फरशी कुठं सुरू होते ते कळू नये. शेवटी बाजूनं रांगोळीही काढली.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. पाहिलं आणि म्हणालो, "वा मावशी, झकास! आता कसं तळं पुरं झाल्यासारखं दिसतंय."

हे वाक्य मी बोललो होतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मोठा आवाज झाला. मला वाटलं, कुठं तरी क्रिकेट जिंकले असतील. पाठोपाठ दुसरा आवाज, तिसरा. धावत गेलो. उन्हानं फरशी फुगली होती, तिला सरकायला जागा नव्हती, म्हणून ती वर उठली होती. पापड तळताना फुगतो तशा दोन ओळी उभ्या राहिल्या होत्या. काठाचे दगड पाण्याकडे सरकलेले, त्यांच्याखाली तलावाच्या भिंतीला आडवी भेग, आणि पाणी उतरायला लागलेलं.

नांदेडहून इंजिनिअर आले. वाकून बघितलं आणि विचारलं, "ही जागा कुणी भरली?" साहेबांनी मान वळवली ती थेट युनूस मिस्त्रीकडे. वसमतचे युनूस मिस्त्री म्हणजे हातात ओळंबा नसला तरी भिंत सरळ बांधणारा माणूस. फरशी त्यांनीच बसवली होती. साहेब गरजले, "फरशी तुझी, म्हणजे भरलं तूच. हे तुझं फिनिशिंग?" मिस्त्रींनी खाली पडलेला एक तुकडा उचलला, उलटापालटा करून पाहिला, नाकाजवळ नेला. मला वाटलं, नाक पुसताहेत. मग त्यांनी तो तुकडा हळूच खाली ठेवला, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्या दिवसापासून संस्थेचं काम त्यांना मिळालं नाही.

मावशी झाडू घेऊन खांबामागं उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघंही गप्प राहिलो. मावशींची नोकरी कंत्राटी होती. माझी कायम होती, तरी मी गप्प राहिलो.

तलाव वर्षभर बंद पडला. मुलींची तुकडी पांगली. त्यात बारावीतली नंदा नावाची एक मुलगी होती. पाण्याला इतकी घाबरायची की पहिले पंधरा दिवस शिडीचा दांडा सोडेना. मग एक दिवस दांडा सुटला आणि ती जी निघाली ती थेट पलीकडच्या काठाला. मावशी फाटकाजवळून ओरडल्या होत्या, "गेली गं बाय, गेली!" तलाव पुन्हा सुरू झाला तेव्हा नंदाचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. मावशींनी मला एवढंच म्हटलं, "सर, तिचं पोहनं म्या लिंपून टाकलं."

इंजिनिअरसाहेब पुन्हा आले आणि फट कशी भरायची ते त्यांनी साहेबांना समजावलं. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. खांबामागं उभ्या असलेल्या मावशींना सगळं कळलं. आधी फट कोरून साफ करायची, कोरडी करायची. मग तिच्यात फोमची दोरी दाबायची. वरून सीलंट, ज्याला मावशी 'डिंक' म्हणत. तो डिंक दोन्ही बाजूंना चिकटला पाहिजे आणि खाली मोकळा राहिला पाहिजे. असं का, हे मी विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "लेकराची झोळी बघितली न्हाई व्हय? दोन्ही आंगानं बांधलेली, खालून मोकळी. म्हून ती हालती. खालून बांधली तर फाटंल." मी खेळाचा माणूस; एवढं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेपासून सीलंट भरायला बाहेरचा माणूस लागला नाही. बंदूक मी धरायचो, बोट मावशी फिरवायच्या. बंदूक म्हणजे सीलंटची नळी दाबायची. सकाळी आठ-नऊची वेळ गाठायची. दुपारच्या उन्हात फट आकसलेली असते, पहाटे पसरलेली असते. मधल्या वेळेला भरली तर दोन्हीला पुरते. मावशी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून भरलेल्या डिंकावरून असं फिरवायच्या की काठभर एकच सलग रेघ उतरावी. लिंपणाचा हात तोच होता, फक्त आता तो फट बुजवत नव्हता, जपत होता.

आणि रोजची राखण. सहाला मुली यायच्या आत मावशींची एक फेरी झालेली असायची. हातात खुरपं, घासून घासून पात्याचं निव्वळ टोक उरलेलं. डिंक कुठं सुटलाय का, गवत उगवलंय का, खडा घुसलाय का. खड्यावर त्यांचा विशेष राग. एवढ्याशा खड्यानं काय होतं, असं एकदा गणिताच्या सरांनी विचारलं. मावशींनी त्यांनाच उलटा सवाल केला, "दाढंत फुटाना अडकल्यावर तोंड मिटतं का तुमचं?" सर म्हणाले, "नाही." "मंग? फटीचंबी तसंच हाय. ऊन पडल्यावर तिला मिटायचं असतंय. मधी खडा असला तर ती मिटंल कशी? मंग दगूड फुटतो." गणिताचे सर त्यानंतर तलावाकडे अनवाणी यायचे.

फटीतून निघालेला ऐवज त्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. केसांच्या पिना, कानातलं, बोरांच्या बिया, शर्टाची बटणं, एक शिट्टीतला गोटा. तो माझ्या शिट्टीतला. महिनाभर माझी शिट्टी नुसती फुस्स करत होती आणि मुली हसत होत्या. मावशींनी गोटा परत दिला तो चार माणसांत, ऐकवून, "सर, शिट्टी फटीवर वाकून वाजवत नका जाऊ."

फटीची रुंदी मोजायला त्यांच्याकडे पट्टी नव्हती, बोटं होती. पावसाळ्यात खालची माती फुगली की करंगळी जेमतेम मावायची. हिवाळ्यात मधलं बोट. भर उन्हाळ्यात माती सुकून फरशी मागं सरकली की सकाळी अंगठा. ही मोजणी जिथं डिंक भरलेला नाही अशा एका कोपऱ्यावर, पंपघराजवळ, व्हायची. तेवढा वीतभर भाग त्यांनी मुद्दाम नुसती दोरी घालून ठेवला होता. हळूहळू ही बातमी शिवारात पसरली. मुलींना सोडायला येणारे बाप कुंपणापलीकडून विचारायला लागले, "मावशी, कोन्तं बोट?" मावशी ओरडून सांगायच्या, "करंगळी!" की बाप समजायचा, खाली ओल उतरली, आता हळदीला पाणी द्यायची घाई नको. एका वर्षी एकानं मावशींचं ऐकलं नाही, मळ्यात पाणी सोडलं आणि वर आणखी पाऊस आला. त्याची हळद सडली. तेव्हापासून आमच्या तलावाला सात गावांत मान मिळाला, पोहण्यासाठी नव्हे, बोटासाठी.

"मावशी, भेग आणि फट यात फरक काय?" असं मुली मुद्दाम विचारायच्या, कारण उत्तर पाठ होतं आणि ऐकायला मजा यायची. "भेग पडती," मावशी बोट वर करून सांगायच्या, "अन् फट ठिवावी लागती."

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग तपासणी समिती यायची ठरली. कॉलेजला दर्जा मिळणार होता, म्हणून रंगरंगोटी सुरू झाली. आदल्या दिवशी सकाळी साहेब हात मागं बांधून फेरी मारत तलावावर आले. थांबले. काळी फट बघितली.

"हे काय, सगळीकडे काळी रेघ? कपाळावर गंध लावावं तसं. फिनिशिंग कुठाय?" मी समजावणीचे चार शब्द बोलायचा प्रयत्न केला. साहेबांनी हात वर केला. "काढा ते काळं. पांढरं सिमेंट भरा, वर संगमरवरी पट्टी. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

लग्नसराई. एकही मिस्त्री हाताशी नव्हता. शेवटी साहेबांच्या माणसानं वसमतहून ज्याला उचलून आणलं ते युनूस मिस्त्री. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, पिशवी खाली ठेवली, थापी काढली आणि पांढऱ्या सिमेंटचं पोतं फोडायला बसले. एवढ्या वर्षांनी संस्थेनं बोलावलं, ते नाही कसं म्हणणार?

मावशी स्टुलावरून उठल्या. मला वाटलं, खुरपं घेऊन मिस्त्रीच्या अंगावर जातात की काय. त्या गेल्या आणि फटीवर बसल्या. दगडावर एक मांडी, फरशीवर एक मांडी, बरोबर मधे फट.

"उठ गं," साहेब म्हणाले.

"न्हाई उठत साहेब. हे भरलं तर उन्हाळ्यात तळं फुटंल. पोरींचं तळं हाय हे."

"तुला काय कळतं त्यातलं? मागं याच मिस्त्रीनं भरलं होतं, म्हणून फुटलं. कच्चं काम होतं. आता माझ्या देखरेखीत पक्कं करून घेतो."

मिस्त्री खाली मान घालून सिमेंट कालवत राहिले.

मावशींनी हातातलं खुरपं फरशीवर ठेवलं. त्यांची नोकरी अजूनही कंत्राटी होती. आणि त्यांना माहीत होतं की आज त्या उठल्या नाहीत तर उद्या हे स्टूल दुसऱ्या कुणाचं असेल. तरी त्या बोलल्या. "साहेब, मागच्या बारीला मिस्त्रीनं न्हाई भरलं. म्या भरलं. घट बसायचे व्हते, म्या भेग समजून लिंपलं. शेन, माती, तुमचंच सिमिट. ह्या हातानं. तळं म्या फोडलं आन् नाव ह्यांचं झालं. म्या गप बसले. आज न्हाई बसत."

पाण्यात एक चिमणी आंघोळ करून गेली.

मग मिस्त्री थापी पुसत म्हणाले, "मालूम था मेरेको, बाई."

मावशींनी वर बघितलं.

"तुकडा हातमें लिया तो शेणाचा वास आला. वर पाच बोटं उठलेली. मिस्त्रीचा हात असा फिरत न्हाई, हा लिंपनारीचा हात हे, ओळखलं मी."

"मंग बोलले काहून न्हाईत तुमी?"

मिस्त्री थोडे लाजले. "क्या बोलनेका? तुमची रोजी गेली असती. और सच बोलू का? लई सुबक लिंपलं व्हतं. मेरेकू वैसा नहीं जमता."

या क्षणी मलाही राहवलं नाही. छातीवर हात ठेवून मी म्हणालो, "साहेब, मी पण ते लिंपण पाहिलं होतं, आणि झकास म्हणालो होतो." पण त्याच क्षणाला पंपघरातला पंप धडधडत सुरू झाला आणि माझी कबुली कुणालाच ऐकू गेली नाही. ती मी पुन्हा दिली नाही. आज इथं देतो आहे.

साहेबांनी मावशींच्या मांडीखालच्या फटीकडे बघितलं. एवढ्या माणसांदेखत माघार घ्यायची म्हणजे त्यालाही फिनिशिंग पाहिजे. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. राहू द्या काळं. पण एकसारखं दिसलं पाहिजे." मग मिस्त्रींकडे न बघता म्हणाले, "युनूसभाई, जेवून जा." मिस्त्री जेवून गेले आणि पुढच्या आठवड्यापासून संस्थेचं काम पुन्हा त्यांच्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. एका बाईंनी विचारलंच, "ही काळी रेघ कसली?" साहेब पुढं सरसावले. हात मागं बांधलेले, मान ताठ. "मॅडम, दाढेत फुटाणा अडकल्यावर तोंड मिटतं का आपलं?" मॅडम दचकल्या. साहेबांनी सगळं सांगितलं, झोळीसकट. स्टुलावर बसून मावशी पदराआड हसत होत्या. मॅडमनी वहीत काही तरी लिहून घेतलं, आणि जाताना त्यांच्याही चपला झटकाव्या लागल्या.

वयाची अट आली तेव्हा मावशींना काम सोडावं लागलं. शेवटच्या आठवड्यात मुलींच्या शिडीजवळचा डिंक त्यांनी पुन्हा भरून घेतला. बोट फिरवत शेवटाला आल्या आणि बोट उचललं, तिथं त्यांच्या बोटाच्या टोकाचा खळगा उमटून राहिला. एरवी त्या असले खळगे लगेच सपाट करीत. त्या दिवशी त्यांच्यासाठी मुलींनी साडी-चोळीचा कार्यक्रम ठेवला होता, कुणी तरी हाक मारली आणि तो खळगा तसाच राहिला.

त्यानंतर सकाळची फेरी माझ्याकडे आली. शिडीजवळ पोचलो की मी त्या खळग्यात माझं बोट ठेवायचो. माझं बोट जाड, नीट बसायचं नाही, तरी ठेवायचो. बाकीची फट मिस्त्रींच्या मदतीनं यंदा पुन्हा भरून घेतली, पण शिडीजवळचा तो हातभर भाग मी राखला. "सर, कडक झालं वो ते," मिस्त्री म्हणाले. "पानी जातंय खाली." मी म्हटलं, "राहू द्या." मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहिले. गप्प राहण्याची त्यांना सवय आहे.

परवा चैत्रात मावशी आल्या. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन परतताना मुद्दाम उतरल्या होत्या. काठी आली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू. प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि मी तब्येत विचारायच्या आत फटीकडे वळल्या. दिसत कमी होतं म्हणून बोटानं चाचपत निघाल्या. काठी, बोट, काठी, बोट. "बराबर," म्हणत होत्या. "हे बराबर. हेबी बराबर." माझी छाती फुगत होती.

शिडीजवळ बोट थांबलं. नख लावून पाहिलं. डिंक नखाखाली भुगा होऊन निघाला.

"हे कोनाचं काम?"

"तुमचंच, मावशी. तुमच्या बोटाची खूण आहे तिथं. म्हणून ठेवलं मी."

त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या बुटांकडे बघितलं होतं तसंच बघितलं. "खून? सर, खालून पानी उतरून राहिलं. माती फुगंल, दगूड उठंल, पोरींचं तळं पुन्ना बंद पडंल. माझ्या बोटापायी?" आणि पिशवीतून त्यांनी ते टोक उरलेलं खुरपं काढलं. देवदर्शनाला जाताना बाई खुरपं घेऊन गेल्या होत्या! तिथंच बसल्या आणि तो हातभर तुकडा दोन्ही बाजूंनी कोरून उपटून काढला. खळगा असलेलं टोक मोडून माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुमचं तुमाला," म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना मोतीबिंदूमुळे दिसलं नसावं. त्यांनी फट झाडली, फुंकली, कोरडी आहे का ते गाल टेकवून पाहिलं. मग मला दोरी आणायला लावली, बंदूक आणायला लावली. मी सीलंट भरलं आणि सवयीनं साबणाच्या पाण्याचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"बोट तुमचं फिरवा."

मी फिरवलं. मुलींची तुकडी फाटकाशी येऊन थांबली होती आणि कुणी न सांगता चपला झटकत होती. मावशींनी वाकून, न शिवता, माझ्या रेघेवरून नजर फिरवली. एक डोळा मिटून पुन्हा फिरवली.

"वाकडं हाय," म्हणाल्या, "पर धरंल."